उपकरण-रॅक, घरगुती

घरातील संगणक-जालाची उपकरणे ठराविक मापांनुसार एकावर एक बसविण्यासाठी वापरण्यात येणारा धातूचा अथवा लाकडाचा सांगाडा. राउटर, नेटवर्क स्विच, केबलींची टोके एकत्र आणणारे पॅच पॅनेल, लहान सर्व्हर, माहिती साठविणाऱ्या हार्ड डिस्कांची पेटी व यूपीएस ही उपकरणे त्यात सामान्यतः बसवितात. सुटी ठेवलेली उपकरणे जागा अडवितात, त्यांच्या केबली गुंततात व एखादे उपकरण दुरुस्तीसाठी काढावयाचे झाल्यास इतरांना धक्का लागतो. रॅकमुळे या अडचणी दूर होतात. परंतु विखुरलेली उष्णता, वजन व विद्युत् पुरवठा ही एकाच लहान जागेत येतात. म्हणून असा रॅक बांधणे हे केवळ सुतारकाम वा लोहारकाम नसून या तिन्हींचा हिशेब आधी करणे आवश्यक असते.

इतिहास : रॅकचा उगम दूरध्वनी केंद्रांत झाला. अमेरिकेत १९१४ च्या सुमारास दूर अंतराच्या तारमार्गांवरील विवर्धक फळ्यांवर, लाकडी खोक्यांत व कपाटांत जागा मिळेल तसे बसवीत असत. उपकरणांची संख्या वाढल्यावर अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने सु. १९२२ मध्ये १९ इंच रुंदीच्या फलकांची पद्धती प्रमाण ठरविली. पुढे नभोवाणी, प्रयोगशाळा व संगणक यांच्या उपकरणांसाठीही तीच स्वीकारण्यात आली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज ॲसोसिएशन या संघटनेचे ३१० क्रमांकाचे मानक (सुधारित आवृत्ती १९९२) व इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनचे ६०२९७ क्रमांकाचे मानक यांत ही मापे नमूद केलेली आहेत. त्यामुळे एका निर्मात्याचे उपकरण दुसऱ्याच्या रॅकमध्ये बसते [⟶ दूरध्वनिविद्या].

प्रमाणित मापे : फलकाची बाहेरची रुंदी १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी. असते. दोन उभ्या पट्ट्यांमधील मोकळी जागा किमान ४५० मिमी. आणि डाव्या व उजव्या छिद्रांच्या मध्यांतील अंतर ४६५.१ मिमी. ठेवतात. उंची ‘यू’ या एककात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच किंवा ४४.४५ मिमी. होय. फलकाची प्रत्यक्ष उंची मात्र या मापापेक्षा सु. ०.८ मिमी. कमी ठेवतात, त्यामुळे शेजारचे फलक एकमेकांवर घासत नाहीत.

प्रत्येक एककात तीन छिद्रे असतात व ती समान अंतरावर नसतात. त्यांच्या मध्यांतील अंतरे १५.८७५, १५.८७५ व १२.७ मिमी. या क्रमाने येतात. दोन एककांची सीमा १२.७ मिमी. च्या अंतराच्या मध्यावर असते. पट्टी घरी छिद्रे पाडून करावयाची असल्यास हा क्रम न चुकता पाळावा लागतो. एका छिद्राची चूक झाली, तर वरची सर्व उपकरणे अर्धवट सरकतात व मध्ये निरुपयोगी फटी राहतात. यामुळे तयार छिद्रांच्या पट्ट्या विकत घेऊन केवळ सांगाडा घरी बांधणे सोयीचे ठरते.

लहान उपकरणांसाठी १० इंच रुंदीचा (२५४ मिमी.) रॅकही वापरतात. त्यात छिद्रांमधील आडवे अंतर २३६.५ मिमी. असून उंचीचे एकक वरीलप्रमाणेच असते. आठ जोडण्यांचा स्विच, राउटर व तळहाताएवढा संगणक त्यात सहज मावतो. मात्र मोठे सर्व्हर १९ इंची रॅकसाठीच बनविलेले असतात.

आकाराची निवड : प्रथम उपकरणांची यादी करून प्रत्येकाची उंची, खोली, वजन व विद्युत् शक्ती लिहून काढतात. उदा., पॅच पॅनेल १ यू, स्विच १ यू, राउटर व प्रकाशीय तंतूचे अंत्य उपकरण यांची फळी २ यू, सु. १६ सेंमी. उंचीची दोन हार्ड डिस्कांची पेटी व शेजारी लहान संगणक यांची फळी ४ यू आणि तळाशी यूपीएस ४ यू, असे मिळून १२ यू होतात. वाढीसाठी व हवा खेळण्यासाठी ३ यू मोकळे ठेवल्यास १५ यू, म्हणजे सु. ६६.७ सेंमी. उपयुक्त उंची लागते. खोली ठरविताना उपकरणाच्या लांबीत मागील प्लग व केबलीचे वळण यांसाठी ८ ते १० सेंमी. मिळवितात. व्यावसायिक सर्व्हर बहुधा ६० सेंमी. हून अधिक खोल असतात. असा सर्व्हर भविष्यात घ्यावयाचा असेल, तर ४० सेंमी. खोलीचा आटोपशीर रॅक कामास येत नाही.

सांगाडा : पोलादी चौकोनी नळ्या, छिद्रे पाडलेले लोखंडी अँगल किंवा १८ मिमी. जाडीचे प्लायवुड यांचा सांगाडा करतात. फलक सांगाड्याच्या आत बसवावयाचे असल्यास आतील रुंदी किमान ४८५ मिमी. ठेवावी लागते. बांधणी करताना चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहतात. ते समान नसल्यास चौकट तिरपी आहे असे समजावे. तिरप्या चौकटीत खालचे फलक बसतात, पण वरच्यांची छिद्रे जुळत नाहीत. लाकडी सांगाड्यातही फलक धरण्यासाठी धातूच्या पट्ट्या वापरणे इष्ट असते, कारण लाकडात वारंवार फिरविलेल्या स्क्रूची पकड सैल होते.

तयार फर्निचरचाही उपयोग करण्यात आला आहे. आयकिया या मूळच्या स्वीडिश कंपनीच्या ‘लॅक’ नावाच्या ५५ सेंमी. चौरस मेजाचे पाय ५ सेंमी. जाडीचे असल्याने त्यांमधील अंतर ४५ सेंमी. येते व १९ इंची उपकरण तेथे बसते. तथापि हे पाय आतून पोकळ असल्याने त्यांवर केवळ हलकी उपकरणेच टांगता येतात.

वजन : सर्वांत जड उपकरण, बहुधा यूपीएस, तळाशी ठेवतात; त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहून रॅक कलंडत नाही. भिंतीवर टांगलेल्या रॅकमध्ये वजनाइतकेच भिंतीपासूनचे अंतर महत्त्वाचे असते. २० किग्रॅ. वजनाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून २० सेंमी. पुढे असून वरचे बोल्ट खालच्या कडेपासून ४० सेंमी. उंचीवर असतील, तर त्यांवर एकूण १० किग्रॅ. भाराइतकी बाहेर ओढणारी प्रेरणा येते. शिवाय खाली ओढणारे २० किग्रॅ. असतातच. खोली दुप्पट केल्यास बाहेरची ओढही दुप्पट होते. पोकळ विटांच्या वा हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधे खिळे किंवा लाकडी खुंट्या अशा भारास पुरत नाहीत.

उष्णता : रॅकमधील उपकरणे घेतात ती जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. केबलीतून कॅमेऱ्यांना पुरविलेल्या विजेचा भाग तेवढा बाहेर खर्च होतो. वरील उदाहरणात प्रकाशीय तंतूचे उपकरण १०, राउटर १२, स्विच ८, संगणक २० व डिस्कांची पेटी ३० वॉट धरल्यास एकूण ८० वॉट होतात. एवढा दिवा बंद कपाटात अहोरात्र जळत ठेवल्यासारखीच ही स्थिती असते.

आवश्यक हवेचा अंदाज पुढील नियमाने करता येतो : वॉटमधील शक्तीला ३ ने गुणून मान्य तापमानवाढीने (°से.) भागल्यास दर तासाला लागणारे घन मीटर मिळतात. ८० वॉट व ८° से. वाढीसाठी ताशी ३० घ. मी. हवा लागते. जाळी व केबली यांचा अडथळा लक्षात घेऊनही १२० मिमी. व्यासाचा मंद गतीचा एक पंखा त्यास पुरतो. गरम हवा वर चढत असल्याने खालून थंड हवा घेऊन वरून बाहेर सोडतात. मोकळ्या एककांवर साधे फलक बसविल्यास बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा पुढे वळून आत शिरत नाही [⟶ उष्णता संक्रमण].

पंखा रॅकमधील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, ही गोष्ट उष्ण प्रदेशांत निर्णायक ठरते. अनेक घरगुती उपकरणे ० ते ४०° से. तापमानाच्या हवेत चालण्यासाठी बनविलेली असतात. विदर्भात उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४५° से. च्या वर जाते. तेथे माळ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून किंवा बंद कपाटात ठेवलेला रॅक ही मर्यादा सहज ओलांडतो. कोकणात व गोव्यात दमट, खारट हवेमुळे धातूचे सांधे गंजतात. म्हणून तेथे रंगाचा वा पावडर लेपाचा थर अखंड ठेवणे आणि रॅक ओलसर भिंतीपासून दूर ठेवणे आवश्यक असते. धुळीसाठी हवा आत येण्याच्या बाजूस धुता येणारी गाळणी बसवितात. ती वेळोवेळी साफ न केल्यास हवाच अडते.

विद्युत् सुरक्षा : धातूचा सांगाडा, दरवाजा व बाजूचे पत्रे स्वतंत्र तारांनी घराच्या अर्थिंगला जोडतात, रंगाच्या थरामुळे केवळ स्क्रूने जोडणी खात्रीची होत नाही. पुरवठामार्गावर ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा सुरक्षा स्विच असावा. इमारतीबाहेरून येणाऱ्या तांब्याच्या केबलीतून विजेच्या गडगडाटात उच्च दाब आत येऊ शकतो. धातूविरहित प्रकाशीय तंतूच्या केबलीत हा धोका नसतो. विद्युत् केबली एका बाजूने व संदेशाच्या केबली दुसऱ्या बाजूने नेतात. संदेशाची केबल तिच्या व्यासाच्या चौपटीहून लहान त्रिज्येत वाकवीत नाहीत.

यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-अम्ल घटमालेत कागदोपत्री ८४ वॉट-तास ऊर्जा असते; ८० वॉट भारावर ती प्रत्यक्षात सु. अर्धा तासच पुरते. २५° से. पेक्षा तापमान सु. १०° ने वाढल्यास तिचे आयुर्मान साधारण निम्मे होते. सदोष प्रभारणात तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकत असल्याने ती हवाबंद पेटीत ठेवीत नाहीत.

खर्च व मर्यादा : सतत चालणारा ८० वॉटचा भार ३० दिवसांत ५७.६ युनिट वीज घेतो. त्यामुळे क्वचित लागणारे जुने मोठे सर्व्हर स्वस्तात मिळाले, तरी त्यांचे बिल व आवाज घराला परवडेलच असे नाही. रॅक उपकरणांचे धक्का व गुंता यांपासून रक्षण करतो, माहितीचे नव्हे. छायाचित्रे, कागदपत्रे व हिशेब यांची सर्व साठवण एकाच रॅकमध्ये असल्यास आग, पाणी वा चोरी यांत ती एकदमच नष्ट होते. म्हणून तिची एक प्रत अन्य वास्तूत ठेवणे हा अशा व्यवस्थेचा अविभाज्य भाग मानतात.