सीडी फेकण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून सीड्यांची पिशवी खाली येते. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत ती अजून आहे. मराठी चित्रपटांच्या कंपनीच्या व्हीसीडी, फुटपाथवरून घेतलेल्या ‘थ्री इन वन’ डीव्हीडी, पोरांची बडबडगीतं, फोटोग्राफरनं लग्नानंतर दोन महिन्यांनी आणून दिलेली हळद-अक्षतांची डबल सीडी. एखाद्या घरात खासबागेतल्या कुस्त्या, एखाद्या घरात मंडळाची विसर्जन मिरवणूक. प्लेअर कधीच भंगारात गेलेला. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. ‘सगळं मोबाइलवर असतंय की आता, कशाला सांभाळायचं?’ हा घरातल्या तरुणांचा प्रश्न रास्त आहे. पण सगळं मोबाइलवर असतं ही समजूत खरी नाही, आणि मराठी चित्रपटांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

धंदा म्हणून सीडीचे दिवस सरले, यात वाद नाही. अमेरिकेत १९९८पासून टपालानं डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या नेटफ्लिक्सनं २९ सप्टेंबर २०२३ला शेवटची पाकिटं रवाना केली. बेस्ट बाय या तिथल्या बड्या दुकानसाखळीनं २०२४मध्ये चित्रपटांच्या डिस्क विकणं थांबवलं. एलजीनं ब्लू-रे प्लेअर बनवणं सोडलं, तर सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. चित्र-आवाजाचे दर्दी अजून डिस्क विकत घेतात, कारण फोर-के ब्लू-रेवर सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर माहिती मावते आणि स्ट्रीमिंगवर तेच चित्र पंधरा-वीस मेगाबिटमध्ये बसवलेलं असतं. अंधाऱ्या प्रसंगात हा फरक डोळ्यांना दिसतो. पण ही हौस मूठभरांची आहे आणि तशीच राहील.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. मराठी प्रेक्षकाच्या घरात ब्लू-रे जवळजवळ आलीच नाही. इथं राज्य केलं व्हीसीडीनं. १९९३मध्ये आलेल्या या तंत्रात एका चकतीवर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून मराठी चित्रपट दोन सीडींत मिळायचा. पहिली कुठं संपेल याला मध्यंतराशी देणंघेणं नसायचं. नायिका बोलता बोलता पडदा निळा व्हायचा आणि कुणीतरी उठून दुसरी घालायचं. अस्सल सीडी शे-दीडशेला पडायची, म्हणून लोक लायब्ररीतून भाड्यानं आणायचे किंवा चोरटी घ्यायचे. मग २००७च्या सुमारास मोझर बेअर या कोऱ्या सीडी बनवणाऱ्या भारतीय कंपनीनं चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. वडापाव-चहाच्या खर्चात चित्रपट मालकीचा होऊ लागला. घरोघरच्या पिशव्या बऱ्याचशा त्या चार-पाच वर्षांत भरल्या. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सीडीच्या दुकानांनी मोबाइलची कव्हरं लावली. मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात निघाली.

आता प्रश्न येतो तो हाताशी राहण्याचा. वर्गणी भरून आपण जे पाहतो ते भाड्याचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे मोजून ऑनलाइन ‘विकत’ घेतलेला चित्रपटही आपल्या मालकीचा होत नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कंपनी आपल्याला पाहण्याचा परवाना देते आणि तो तिच्या स्वतःच्या करारावर टांगलेला असतो. डिसेंबर २०२३मध्ये सोनीनं प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं, की डिस्कव्हरीचे तुम्ही विकत घेतलेले कार्यक्रम वर्षअखेरीस तुमच्या खात्यातून जातील. ओरड झाल्यावर करार वाढवला आणि ते तूर्त वाचले. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५पासून, ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तू विकत दिल्याची जाहिरात तिथं करता येत नाही. आपल्याकडे असा नियम नाही. आणि चित्रपट गायब व्हायला करारच संपावा लागतो असंही नाही. जानेवारी २०२४मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट वाद होताच नेटफ्लिक्सवरून काढला गेला. ज्यांनी पाहायचा ठेवला होता त्यांचा राहून गेला. घरात असलेली डिस्क अशी कुणाला परत बोलावता येत नाही. तिचा खरा गुण हा आहे, आणि माझ्या लेखी चित्राच्या दर्जापेक्षा तो मोठा आहे.

कोल्हापूरकरानं तरी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२५मध्ये ‘सावकारी पाश’ केला, त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. देवादिकांच्या कथांच्या काळात कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणणारा हा मूकपट भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानला जातो. तो आज कुणालाही पाहता येत नाही. काही छायाचित्रं उरली, १९३६चा बोलपट झाला, पण मूळ चित्रपट गेला. त्या काळात भारतात तयार झालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी जेमतेम तीसेकच पूर्ण किंवा तुकड्यांनी शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटते, स्वतःतल्याच प्राणवायूवर जळत राहते. काही प्रिंट तर त्यातली चांदी काढण्यासाठीच संपवल्या गेल्या. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपटसुद्धा त्याच वाटेनं गेला. उलट ‘प्रभात’नं कोल्हापुरात तयार केलेला, फेब्रुवारी १९३२मध्ये झळकलेला ‘अयोध्येचा राजा’ आज आपण घरी बसून पाहू शकतो. तो टिकला, कारण त्याच्या प्रती टिकल्या.

आगीचा अनुभव या गावाला पुरेपूर आहे. गांधीहत्येनंतर १९४८मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ऑगस्ट २०२४मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्ख्या शहरानं पाहिलं. पुण्यात ८ जानेवारी २००३ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटवरचा मोठा ठेवा भस्मसात झाला. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवल्या होत्या, तेवढे चित्रपट वाचले. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळली. वीस वर्षांनी तिचा जीर्णोद्धार झाला तेव्हा निगेटिव्हचा जो भाग हाताळण्याजोगाच राहिला नव्हता, तो इतर संस्थांकडच्या प्रतींतून भरून काढावा लागला. एकाच जागी ठेवलेली उत्तम प्रत आणि दहा जागी पडलेल्या बऱ्या प्रती, यांत दुसऱ्यांनी किती वेळा तारलं आहे हे यावरून कळतं.

व्हीसीडी ही बरी प्रतसुद्धा नाही, हे मान्य करतो. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या फुल एचडीच्या विसाव्या हिश्श्याचं. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, कडा कापलेल्या, पळापळीच्या प्रसंगात चौकोन फुटलेले. खरं जतन निगेटिव्हचंच. शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ २०१६मध्ये डिजिटल संस्कार होऊन पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तो काही व्हीसीडीवरून झाला नाही. पण ‘पिंजरा’ला वारस आहेत, नाव आहे, बाजार आहे. १९८०-९०च्या दशकांत कर्ज काढून एक-दोन चित्रपट केलेल्या आणि पुढं त्या वाटेला न गेलेल्या निर्मात्यांचं काय? हक्क कुणाकडे हे वारसांनाही सांगता येत नाही, निगेटिव्ह कुठल्याशा लॅबमध्ये ठेवलेली, आणि लॅबच बंद झालेली. असा चित्रपट कुठलीही स्ट्रीमिंग कंपनी घेत नाही, कारण करारावर सही करायला समोर कुणी नाही. त्याची लोकांच्या हातात असलेली शेवटची प्रत ती दोन चकत्यांची व्हीसीडी असू शकते. गावाकडचा बाजार, जुना एसटी स्टँड, आज हयात नसलेले नट आणि तमाशा कलावंत त्या धूसर चित्रात आहेत.

पिशवी उघडलीत तर आधी चकती उलटी करून पाहा. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. तिच्यातली माहिती प्लॅस्टिकवर उठवलेल्या खळग्यांत आहे, ती नीट ठेवली तर दीर्घकाळ टिकते. खालची बाजू जांभळट किंवा हिरवट असेल तर ती घरी अथवा फोटोग्राफरकडे ‘राइट’ केलेली. तिच्यातली माहिती रंगद्रव्याच्या थरात आहे आणि तो थर ऊन-उष्णतेनं आपोआप उतरत जातो. म्हणजे लग्न, कुस्ती, मिरवणूक, ज्यांची जगात दुसरी प्रत नाही, तीच आधी जाणार. त्या आधी कॉपी करा. चित्रपटाच्या सीडी थोड्या थांबू शकतात.

बहुतेक जण खालच्या बाजूला जपतात आणि वर बिनधास्त पेन चालवतात किंवा स्टिकर लावतात. सीडी-व्हीसीडीत नेमकं उलटं आहे. जाड प्लॅस्टिक खाली असतं, माहितीचा अॅल्युमिनियमचा थर वर, छापील चित्राच्या लगेच खाली. वरून गेलेला ओरखडा थेट त्या थरात उतरतो आणि तो भरून येत नाही. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी छिद्रं दिसली तर तिथला भाग गेला म्हणून समजावं. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा दणकट. पुसायची झाली तर मऊ कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या रांगेवरून लांबवर जातो. टूथपेस्टचा उपाय नको. २०१९च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं, तशी वेळ पुन्हा आली आणि सीड्या भिजल्या तर ओढून सोडवू नका. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कव्हर आपोआप सुटू द्या, मग चिखल धुऊन सावलीत वाळवा. छापील चकती अशा पाण्यातून बहुतेकदा वाचते.

कायदा इथं थोडा आडवा येतो. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरची ६० वर्षं चालतो. त्यामुळे १९६४पर्यंतचे चित्रपट, भालजींचा ‘मराठा तितुका मेळवावा’ धरून, २०२५च्या सुरुवातीपर्यंत मुक्त झाले. दर जानेवारीत आणखी एक वर्ष त्यांत मिळतं. अजून मुक्त न झालेल्या चित्रपटांची अडचण आहे. २०१२च्या दुरुस्तीनं बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे असलेली मूळ प्रत डिजिटल नसावी. म्हणजे जुनी व्हीएचएस कॅसेट त्यात बसते आणि व्हीसीडी बसत नाही, कारण ती मुळातच डिजिटल. ही अट बदलायला हवी, आणि मागणी करायला कोल्हापूरइतकं हक्काचं गाव दुसरं नाही. १८५०पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर इथं आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आहे. चकती आहे तशी स्वीकारून, नोंद करून कपाटात ठेवायला तर आजही कायद्याची आडकाठी नाही.

नोंदीची सुरुवात घरीच करता येईल. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह दोनेक हजारांत मिळतो. व्हीसीडी संगणकात घातली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल दिसते, ती व्हीएलसीसारख्या प्लेअरवर चालते. चित्रपटाचं नाव, सीडी काढणारी कंपनी, दोन्ही सीडी चालतात का, एवढं लिहावं. शिवाय सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र दिसत असेल तर तिथं थांबून मीटरमधली लांबी टिपून घ्यावी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर धावते, तेव्हा ४,००० मीटरचा चित्रपट सुमारे १४६ मिनिटांचा. टीव्हीसाठीच्या प्रतीत चित्र किंचित वेगानं धावतं, म्हणून सीडीवर पाच-सहा मिनिटं कमी भरली तर काळजी नाही. वीस मिनिटं कमी भरली तर गाणी किंवा प्रसंग कापले आहेत. हीच पडताळणी यूट्यूबवरच्या प्रतीचीही करावी, आणि दोन्हींपैकी जी जास्त मिनिटांची असेल ती कुठली, हे यादीत त्या चित्रपटाच्या नावापुढं लिहावं.