पडद्याआडचे अंगण

वऱ्हाडातील जुन्या गावांच्या मुस्लीम मोहल्ल्यांत भरदुपारी गेले, तर घरे रस्त्याकडे पाठ करून बसल्यासारखी वाटतात. रस्त्याच्या बाजूच्या भिंती उंच आणि सपाट, खिडक्या मोजक्या व त्याही माणसाच्या नजरेच्या वर, दाराला जाड कापडाचा पडदा. बाहेरून पाहणाऱ्याला असे घर बंदिस्त आणि अंधारे वाटते. प्रत्यक्षात तो पडदा ओलांडून एखादे वळण घेतले, की घराच्या मध्यभागी उघडे आकाश असते.

ही रचना केवळ धर्माच्या आज्ञेतून आली असे मानणे अपुरे ठरेल. धर्माचा संस्कार, नात्यांची मर्यादा, इथले ऊन-पाणी आणि घरमालकाची ऐपत या चौघांनी मिळून हे घर घडवले आहे.

बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार मुस्लीम लोकसंख्या साडेतेरा टक्क्यांहून अधिक आहे. ही वस्ती फार जुनी. वऱ्हाडात १४९० मध्ये इमादशाही स्थापन झाली, त्याआधी येथे बहामनी अंमल होता. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते, की गावाला तटबंदी घालण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, अशी परंपरा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात नोंदलेली आहे; तेथील मोमीन दरवाजावरील लेख १४८८ चा असल्याचेही त्यात म्हटले आहे. इतक्या शतकांच्या वास्तव्यात घरे बांधण्याची रीत वेगळी राहणे शक्यच नव्हते. गवंडी, सुतार, साहित्य सारे गावचेच. घाटावरच्या तालुक्यांत दगड मुबलक, तर घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर धाब्याचे छप्पर.

देवघेव भाषेतही दिसते. दरवाजा, दालान, दिवाणखाना, तावदान, महिरप, पडदा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी वाड्यात कायमचे राहिले. वाड्याच्या प्रवेशाजवळची ढेलज म्हणजे मूळची ‘दहलीज’च. ज्या घराला आपण खास मराठी वाडा म्हणतो, त्याच्या उंबरठ्यापासून ही सरमिसळ सुरू होते.

मुस्लीम कुटुंबाच्या पारंपरिक घरात ही ढेलज महत्त्वाचे काम करते. मुख्य दारातून नजर थेट आत पोहोचू नये, म्हणून प्रवेशाला एक वळण दिलेले असते किंवा समोर आडोशाची भिंत असते. ढेलजेच्या एका अंगाला बैठक अथवा दिवाणखाना, म्हणजे घराचा मर्दाना भाग. पाहुणे तिथेच बसतात, तिथेच दस्तरखान अंथरले जाते. आतल्या भागाला जनाना म्हणतात. तिथे स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या आणि मधले अंगण. दोन्ही भागांना जोडणारे मधले दार हा घराचा खरा उंबरठा होय. जेवणाची ताटे तयार झाली, की आतून कडी वाजते आणि घरातला एखादा मुलगा ती उचलून नेतो. लहान मुलांना कुठल्याच बाजूला मज्जाव नसल्याने निरोपांची ने-आण त्यांच्याकडेच असते.

या मांडणीचे एक मूळ कुराणात आहे. दुसऱ्याच्या घरात परवानगी मागितल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, असे तेथे सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर पहाटे, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि रात्री घरातल्या मुलांनीही विचारूनच आत यावे, अशी सूचना आहे. या मर्यादेचे नियम बांधकामात कसे उतरले, हे जगात इतरत्रही दिसते. चौदाव्या शतकात ट्युनिस शहरातील इब्न अल-रामी या गवंड्याने भिंती, खिडक्या, दारे यांवरून होणाऱ्या शेजाऱ्यांच्या तंट्यांसंबंधीचे निवाडे एका ग्रंथात एकत्र केले. शेजाऱ्याच्या अंगणात नजर जाईल अशी खिडकी काढू नये, हा विचार तिथला तसाच वऱ्हाडातल्या उंच कठड्याच्या धाब्यावरही आहे.

मर्यादा केवळ परक्यांपुरती नाही. ज्यांच्याशी विवाह होऊच शकत नाही असे वडील, भाऊ, मुलगा, सासरे, मामा, काका यांच्यापुढे पडदा नसतो. दीर मात्र या यादीत येत नाही. चुलत-मामेभावंडांचाही विवाह होऊ शकतो, म्हणून तेही येत नाहीत. एकत्र कुटुंबात ही सगळी मंडळी एकाच छपराखाली राहतात. साहजिकच प्रत्येक भावाच्या खोलीचे दार स्वतंत्रपणे अंगणात उघडते आणि घरातला पुरुषही आत येताना खाकरून येतो. प्रत्यक्षात ही मर्यादा किती काटेकोर पाळायची, हे घराघरांत वेगळे असते.

पश्चिम दिशेचे भानही असेच. भारतातून मक्का पश्चिमेला असल्याने नमाजाची जागा त्या दिशेने योजली जाते. झोपताना पाय पश्चिमेकडे करू नयेत, हा रिवाज आणि शौचाच्या वेळी तिकडे तोंड वा पाठ करू नये, हा दंडक; म्हणून खाटा आणि शौचकूप बहुधा दक्षिणोत्तर. दिवसातून पाच वेळा वजू करायचा, तर पाणी हाताशी हवे. ऐपतदार घराच्या अंगणात म्हणूनच विहीर किंवा हौद असे.

पाण्यावरूनच ऐपतीचा फरक स्पष्ट होतो. नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथे विहिरीचे पाणी खारट. गोड्या पाण्यासाठी दूर जावे लागे, तेव्हा पडद्याचा रिवाज घागरीपुढे नमत असे. विणकर, बागवान, शेतमजूर यांच्या घरी तर मर्दाना-जनाना कुठला? एका खोलीत पोत्याचा पडदा किंवा पऱ्हाट्यांचा कूड एवढीच काय ती विभागणी. उलट वऱ्हाडातील देशमुखांच्या घराण्यांत गोषा पाळला जाई आणि त्यांच्या वाड्यांतही बायकांचा चौक वेगळा होता. गोषा जितका धर्माचा, तितकाच प्रतिष्ठेचाही प्रश्न होता.

या साऱ्याचे केंद्र म्हणजे अंगण. त्याला सहन म्हणतात. रिवाजाने स्त्रीच्या बाहेरच्या वावरावर बंधन घातले. घराने त्याची थोडी भरपाई अंगणाच्या रूपाने केली. शेवया, पापड वाळवणे, शिवण-टिपण, बाळंतिणीला ऊन, उन्हाळ्यातली रात्रीची झोप, रमजानमधला इफ्तार, सारे येथेच. लग्नात पुरुषांची बैठक बाहेर आणि गाणी-मेंदी अंगणात. वधूची संमती विचारायला वकील आणि साक्षीदारांनाच आतल्या पडद्यापर्यंत यावे लागते. मृत्यूनंतरचे अखेरचे स्नानही अनेकदा येथेच होते. पतीच्या निधनानंतर स्त्रीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते आणि त्या काळात शक्यतो घरातच राहायचे असते. ज्या घराला अंगण आहे, तिथे या दिवसांत तिला ऊन, वारा, चांदणे आणि शेजारणींची सोबत मिळते. ज्या घराला ते नाही, तिथे हाच काळ कोठडीसारखा होतो.

नेमके तेच अंगण आता नाहीसे होत आहे. त्याचे एक कारण वारसाहक्कात आहे. मुलाला दोन भाग तर मुलीला एक, मुले असतील तर विधवेला एक अष्टमांश, असे वाटे ठरलेले आहेत. शरियत कायदा लागू करणाऱ्या १९३७ च्या अधिनियमाने शेतजमीन वगळली, घर मात्र त्यात येते. अनेक बहिणी आपला हिस्सा भावांसाठी सोडतात, तरी भावाभावांत वाटणी होतेच. मधले अंगण सर्वांचे, म्हणून ते कोणाचेच राहत नाही. आधी त्यात भिंत येते, मग त्या भिंतीला टेकून खोली उभी राहते. दुसरे कारण जागेची टंचाई आणि सिमेंटचे स्लॅब. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. एवढ्यात बैठक आणि स्वयंपाकघर जेमतेम बसते. मागे-पुढे मोकळी जागा नसेल, तर अंगणाचा विचारही करता येत नाही.

रिवाज मात्र घराच्या वेगाने बदलत नाहीत. दाराचा पडदा राहतो, खिडकीचे तावदान बंदच असते. फक्त त्यामागचे आकाश गेलेले असते. जुन्या घराने जे बंधन सुसह्य केले होते, ते नव्या घरात अधिक आवळते. याचा भार घरातल्या स्त्रियांवर, त्यातही दिवसभर घरीच असणाऱ्या वृद्धांवर आणि सुनांवर पडतो. शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या मुलींनी आपला मोकळेपणा घराबाहेर शोधला, ही स्वागतार्ह गोष्ट. पण सगळ्यांनाच ते साधलेले नाही.

जुने वाडे जसेच्या तसे परत येणार नाहीत आणि त्यातले सारेच परत यावे असेही नाही. मात्र घर बांधताना उंच कठड्याची गच्ची, दोन घरांत मिळून एक आतला चौक, जाळीतून येणारा वारा एवढे तरी नकाशात मांडता येईल. नकाशा काढणाऱ्याने किती खोल्या हव्यात हे विचारतानाच, त्या घरातल्या बाईला आकाश कुठून दिसेल, हेही एकदा विचारायला हवे.