घोड्याच्या पायांच्या व सांध्यांच्या इजा

स्वारीच्या घोड्याच्या पायांतील हाडे, सांधे, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोरासारखे भाग) आणि अस्थिबंध (हाडास हाड जोडणारे पट्टे) यांना ताण, आघात किंवा जखम यांमुळे होणाऱ्या दुखापती. लंगडणे हे त्यांचे प्रमुख लक्षण होय. भारतात अश्ववैद्यकाची परंपरा जुनी असून शालिहोत्र हे तिचे आद्य आचार्य मानले जातात.

घोड्याच्या पुढील पायाचा ‘गुडघा’ हा माणसाच्या मनगटाशी जुळणारा सांधा आहे. त्याखाली नळीचे एक मुख्य हाड व एकच बोट असते आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख होय. या खालच्या भागात मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. वरील स्नायूंची ओढ लांब कंडरांमार्फत खाली पोहोचते. घोडा उभा असताना शरीराच्या वजनाचा सु. ६०% भार पुढील पायांवर असतो. भरधाव धावताना एकेका पुढील पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सु. अडीचपट भार येतो. त्या वेळी नळीच्या मागील बाजूची, त्वचेलगतची कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते व तिच्या गाभ्याचे तापमान सु. ४५° से.पर्यंत चढते. ही कंडरा नेहमीच आपल्या सहनशक्तीच्या सीमेजवळ काम करीत असल्याने घोडा थकला, जमीन निसरडी वा फार मऊ असली किंवा पाऊल चुकले, तर तिच्यातील तंतू तुटतात.

निदान : पुढील पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली करतो. म्हणून घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर प्रथम साध्या चालीने व मग दुडकी चालीने नेऊन पाहतात. तपासणीस खुरापासून आरंभ करावा, हा जुना नियम आजही योग्यच आहे. कारण वर सूज शोधण्यात वेळ जातो आणि दोष पुष्कळदा खुरात शिरलेल्या खिळ्याचा किंवा तेथे साचलेल्या पुवाचा निघतो. हाताला ऊब, सूज वा दाबल्यावर वेदना आढळली नाही, तर पायाच्या खालच्या टोकापासून वर क्रमाने मज्जातंतू बधिर करीत जातात. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते तेथे दुखण्याचे मूळ असते. मात्र हाड मोडल्याचा संशय असल्यास ही चाचणी करीत नाहीत, कारण वेदना नाहीशी झाली की घोडा त्या पायावर पूर्ण भार टाकतो. हाडांसाठी क्ष-किरण आणि कंडरांसाठी श्राव्यातीत ध्वनितरंगांचे चित्रण उपयोगी पडते. पहिल्या काही दिवसांत कंडरेतील बिघाड वाढत असल्यामुळे त्याचे खरे आकारमान साधारणतः आठवड्यानंतरच्या चित्रात दिसते.

कंडरेच्या इजेवरील उपचार : स्वारी तत्काळ थांबवावी. पहिल्या दोनतीन दिवसांत बर्फाच्या पाण्याने १५–२० मिनिटे, दिवसातून अनेकदा पाय थंड करतात आणि कापसाचा जाड थर देऊन सारख्या दाबाने पट्टी बांधतात. उघड्या पायावर आवळून बांधलेली पट्टी स्वतःच कंडरेला इजा करते. निरोगी पायावर अधिक भार येत असल्याने त्यालाही आधाराची पट्टी देतात. शोथ (दाहयुक्त सूज) व वेदना कमी करण्यासाठी फेनिलब्युटाझोनसारखी औषधे पशुवैद्य देतात.

खरी अडचण यानंतर उद्भवते. काही आठवड्यांत सूज ओसरते, घोडा लंगडत नाही व बरा झाल्यासारखा दिसतो. परंतु कंडरेला रक्तपुरवठा बेताचा असल्याने ती फार सावकाश सांधते. तुटलेल्या तंतूंच्या जागी प्रथम येणारे कोलॅजेन दुबळे व अस्ताव्यस्त असते. ते तंतू ओढीच्या दिशेने जुळून येण्यास ९ ते १२ महिने, कधी अधिकही लागतात. या मधल्या काळात स्वारी केल्यास तीच कंडरा पुन्हा फाटते. नुसते बांधून ठेवणेही हितकर नाही. आरंभी हाताने धरून काही मिनिटे चालविणे, ती मुदत आठवड्या-आठवड्याने वाढविणे, मग थोडी दुडकी चाल आणि दर दोनतीन महिन्यांनी पुन्हा चित्रण, असा क्रम ठेवतात. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे घोडा हेच कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन असते, तेथे एवढी विश्रांती मालकास परवडणे कठीण असते. शर्यतीच्या घोड्यांबाबत हंगाम साधण्याची घाई असते. वेदनाशामक देऊन काम घेण्याचा मोह दोन्हीकडे होतो आणि पुष्कळ घोडे त्यामुळेच कायमचे निकामी होतात.

तापलेल्या लोखंडाने पाय डागण्याची पद्धत अनेक देशांत दीर्घकाळ रूढ होती. तिने घोडा बरा होतो असे वाटे, ते बहुधा डागल्यानंतर सक्तीने मिळणाऱ्या विश्रांतीमुळे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डागण्याने कंडरा अधिक चांगली सांधत असल्याचे आढळले नाही. १९९१ मध्ये तेथील पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने ही पद्धत नैतिक दृष्ट्या असमर्थनीय ठरविली. अलीकडे घोड्याच्याच रक्तातील बिंबाणू किंवा अस्थिमज्जेतील मूल कोशिका कंडरेत टोचतात. मात्र त्यांनीही विश्रांतीचा काळ टळत नाही.

सांध्यांच्या इजा : वारंवार आघाताने सांध्याच्या अस्तराचा शोथ होतो, वंगणद्रव पातळ होतो व पुढे कूर्चा झिजते. विश्रांतीबरोबर सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइड वा हायल्युरॉनिक अम्ल टोचतात. शर्यतीच्या घोड्यांतील दुसऱ्या औषधाच्या वापराची माहिती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. हाडाचा कपचा सुटला असल्यास लहान छिद्रातून दुर्बिणीने काढता येतो. सांध्याजवळची जखम कितीही क्षुल्लक दिसली, तरी तिला तातडीची समजावे. काट्याने वा तारेने पडलेले छिद्र सांध्यात पोहोचले असल्यास जंतुसंसर्गाने काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते. पहिल्या दिवसाच्या आत सांधा निर्जंतुक द्रावाने धुऊन प्रतिजैविके दिल्यास घोडा वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. अशा जखमेत हळद, राख अथवा मलम भरू नये.

हाड मोडणे : घोडा दीर्घकाळ आडवा राहू शकत नाही आणि तीन पायांवर उभा राहिल्यास भार वाहणाऱ्या पायाच्या खुरातील पटलांचा दाह होतो. अमेरिकेतील केंटकी डर्बीचा विजेता बारबरो याचा मागील उजवा पाय २० मे २००६ रोजी बॉल्टिमोर येथील शर्यतीत मोडला. शस्त्रक्रियेने धातूची पट्टी व २७ स्क्रू बसवून तो सांधण्यात आला; पण पुढे इतर पायांच्या खुरांत हाच दाह होऊन २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा लागला. हलक्या अंगाच्या तट्टांत व शिंगरांत हाड सांधण्याची आशा अधिक असते.

प्रतिबंध : खूर सु. सहा आठवड्यांनी कुशल नालबंदाकडून छाटून नाल पुन्हा बसवावी. टाच फार ठेंगणी व पुढचा भाग लांब राहिल्यास खुरात उतरणाऱ्या खोलवरच्या कंडरेवर ताण वाढतो. श्रम हळूहळू वाढवावेत. मोतद्दाराने रोज सकाळी दोन्ही पायांच्या नळ्यांवरून मागील बाजूने हात फिरवून पाहावा; एका बाजूची किंचित अधिक ऊब ही लंगडणे सुरू होण्यापूर्वीची सूचना असते, आणि त्या दिवशी घोड्यावर खोगीर चढवू नये.