आयएनआर वाढला म्हणजे रक्त पातळ झाले का?

यकृताच्या सिरोसिसचा रुग्ण पोटातले पाणी काढून घ्यायला बेल्ह्याहून आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत पुण्याला पोचतो. तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेला आकडा, दोनच्या वर आणि प्लेटलेट साठ हजार निघतात. ‘रक्त पातळ झालंय’ म्हणून घरचे धास्तावतात आणि प्लाझ्माच्या पिशव्यांसाठी धावाधाव सुरू होते. बऱ्याचदा ती गरजेची नसते.

न गोठणारे रक्त म्हणजे काय, हे जुन्नर तालुक्याला चांगले ठाऊक आहे. सर्पदंशावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे डॉ. सदानंद राऊत इथल्याच नारायणगावचे. घोणस किंवा फुरसे चावले, की विष रक्तातले गुठळी बनवणारे फायब्रिनोजेन संपवून टाकते. कोरड्या काचनळीत वीस मिनिटे ठेवलेले रक्त मग पातळच राहते. तिथेही आयएनआर वाढतो, पण यकृताच्या आजारात घडते ते वेगळेच.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवते. आणि गोठणे आवरणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनेही तेच बनवते. यकृत थकले की दोन्हींचा पुरवठा आटतो. प्लेटलेट कमी होतात, मात्र त्यांना जखमेपाशी चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड घटक वाढतो. बेल्ह्याच्या बैलबाजारातला शेतकरी सांगेल, जोडीतले दोन्ही बैल सारखेच रोडावले तर गाडी सरळ चालते. पण लहानशा खड्ड्यातही ती कुठल्या बाजूला कलंडेल याचा नेम नाही. जंतुसंसर्ग किंवा निकामी होत चाललेले मूत्रपिंड हे असे खड्डे.

आयएनआर ज्या चाचणीवरून काढतात, ती आर्मंड क्विक यांनी १९३५ साली मांडली. तिला गोठवणाऱ्या घटकांची कमतरता कळते, आवरणाऱ्यांची कळत नाही. मिलानच्या आर्मांदो त्रिपोदी यांनी २००५ मध्ये रुग्णांच्या प्लाझ्मात प्रोटीन सीला जागे करणारे थ्रॉम्बोमोड्युलिन घालून पाहिले. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन निरोगी माणसांइतकेच तयार झाले! म्हणूनच पोटातले पाणी काढण्याआधी केवळ आकडा सुधारण्यासाठी सरसकट प्लाझ्मा देऊ नये, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

मग रक्ताच्या उलट्या का होतात? कारण मुख्यतः दाबाचे असते. कडक झालेल्या यकृतातून रक्त पुढे सरकत नाही, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. अशा वेळी भरमसाट प्लाझ्मा चढवला तर हा दाब आणखी वाढतो. बार्सिलोनातल्या २०१३ च्या अभ्यासात हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, नऊच्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त संख्येने वाचले. खरा उपचार म्हणजे दाब उतरवणारी औषधे, प्रतिजैविके आणि दुर्बिणीतून शिरेवर रबराचे कडे बसवणे.

उलटी बाजूही आहे. मुंबईच्या दीपिका मोहंती आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पश्चिम भारतातल्या बड-कियारी रुग्णांमध्ये रक्त गोठण्याचा आनुवंशिक कल तपासला. या आजारात यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेतच गुठळी होते आणि तिच्यामुळे यकृत बिघडते. सिरोसिसमध्येही यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होऊ शकते, आयएनआर वाढलेला असतानासुद्धा.

तेव्हा घरच्यांनी आकड्यापेक्षा रुग्णाकडे लक्ष ठेवावे, हे मला कळकळीने सांगायचे आहे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. आणि एकच पाय अचानक सुजला किंवा पोटात एकाएकी जोराची कळ आली, तर ‘रक्त पातळच आहे, गुठळी कशी होईल?’ असे म्हणून घरी थांबू नका.