मुरमाच्या रस्त्यावरची सायकल

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. (१ मे १९९९ पूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता.) या तालुक्यातील शेतीला पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी मिळते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही त्या प्रकल्पाची दोन धरणे १९६८ साली पूर्ण झाली. कालवा म्हटला की त्याच्या भरावावरून देखरेखीसाठी केलेला मुरमाचा किंवा मातीचा रस्ता आलाच. त्यावर ट्रक नसतात, एस.टी. नसते, एखादी बैलगाडी किंवा मोटारसायकल भेटली तर भेटली. शाळेला सायकलीने जाणाऱ्या मुलामुलींसमोर अशा भागात एक प्रश्न असतो. डांबरी रस्ता सोपा, पण वाहनांचा; मुरमाचा रस्ता निवांत, पण दमवणारा. हा दमवणारा म्हणजे नेमका किती? त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या साध्या नियमांतून काढता येते आणि वर्गातील विद्यार्थ्यांना ते स्वतः मोजताही येते.

ऊर्जा जाते कोठे?

सपाट रस्त्यावर सायकल चालवताना मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. पहिला हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. दुसरा विरोध चाक रस्त्यावरून लोळताना होतो. त्याला आपण ‘लोळण-विरोध’ म्हणू. तो वजनाच्या प्रमाणात असतो आणि सायकलीच्या नेहमीच्या वेगांना जवळजवळ सारखाच राहतो.

लोळण-विरोधाची कारणे तीन. टायरचा जमिनीला टेकलेला भाग दर फेऱ्यात दाबला जातो आणि पुन्हा पसरतो, पण रबर दाबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने जाते. डांबरी रस्त्यावर हे कारण प्रमुख असते. मुरमावर आणखी दोन कारणे त्यात भर घालतात. सुटे खडे चाकाखाली सरकतात, दबतात. त्यांना हलवण्याचे काम आपणच करतो. शिवाय प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार थोडे वर उचलले जातात आणि खाली आदळतात. त्या हादऱ्यात गेलेली ऊर्जा पुढे जाण्याच्या कामी येत नाही.

आता आकडे पाहू. स्वार, दप्तर आणि सायकल मिळून ७० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ६९० न्यूटन. चांगल्या डांबरी रस्त्यावर लोळण-विरोधाचा गुणांक ०.००६ धरला तर विरोध सुमारे ४ न्यूटन येतो. सुट्या मुरमावर गुणांक ०.०२ धरला तर तो १४ न्यूटन होतो. ताशी १२ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे ४ न्यूटन असतो. म्हणजे एकूण विरोध डांबरावर ८, तर मुरमावर १८ न्यूटन. हा १० न्यूटनांचा फरक म्हणजे डांबरी रस्त्यावर दर ७० मीटरला १ मीटर चढ चढत राहण्यासारखे आहे.

पण लगेच निराश होऊ नये. दोन्ही रस्त्यांवर आपण सारख्याच जोराने, समजा ५० वॅट शक्तीने, पेडल मारले तर डांबरावर वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर आणि मुरमावर पावणेअकरा किलोमीटर येतो. शाळा ५ किलोमीटर असेल तर वेळ अनुक्रमे १९ आणि २८ मिनिटे. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेच्या सुमारे पाव भागाचेच कार्यात रूपांतर करतात. ते धरूनही या फेरीसाठी जास्तीची ऊर्जा भरते २७ किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीच्या भाकरीचे दोन-तीन घास! ट्रकच्या शेजारून जाणे टळण्याची किंमत एवढीच आहे : नऊ मिनिटे आणि दोन-तीन घास.

कालव्याकाठच्या रस्त्याला आणखी एक फायदा असतो. पाणी संथ वाहावे म्हणून कालव्याला अगदी अल्प उतार देतात. हजार मीटरला एक मीटरपेक्षाही कमी. त्यामुळे काठचा रस्ताही जवळजवळ सपाट असतो. आल्प्स पर्वतातील खोऱ्यांत नदीकाठाने मोटारींना बंदी असलेले सायकलमार्ग केलेले आहेत. भोवती उंच पर्वत असूनही ते सामान्य माणसाला झेपतात, याचे कारण हेच.

हवा किती भरावी?

‘टायर जितका टणक तितकी सायकल हलकी’ ही समजूत गुळगुळीत रस्त्यापुरती खरी आहे. मागच्या चाकावर ४२ किलोग्रॅम भार असेल आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम असेल तर टायरचा साधारण १४ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. दाब २ केला तर २१. टेकलेला भाग वाढला की टायर मुरमात कमी रुततो. शिवाय मऊ टायर खड्याभोवती स्वतः दबतो आणि सायकल उचलली जात नाही. हादऱ्यात जाणारी ऊर्जा वाचते. मात्र हवा फार कमी झाली तर रबरातील उष्णतेची हानी वाढते आणि धारदार दगडावर ट्यूब रिमखाली चेपून फुटते. या दोन टोकांमध्ये प्रत्येक रस्त्यासाठी एक योग्य दाब असतो.

हवेच्या टायरचा जन्मही खडबडीत रस्त्यामुळेच झाला. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून असा टायर बनवला व १८८८ साली पेटंट घेतले. (रॉबर्ट टॉमसन याने त्यापूर्वी १८४५ मध्येच तसे पेटंट घेतले होते, पण ते विस्मरणात गेले होते.) आज युरोप-अमेरिकेत खडीच्या रस्त्यांवरची सायकलस्वारी हा लोकप्रिय खेळ झाला आहे, त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०२२ साली इटलीत झाली. त्या सायकलींचे टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतात. आपल्याकडची दुधाच्या कॅन वाहणारी काळी सायकल पाहा. तिचा २८ × १½ मापाचा टायरही जवळपास तेवढाच रुंद आहे!

प्रयोग करून पाहा

साहित्य : सायकल, मोजपट्टी, सेकंद दाखवणारे घड्याळ. वारा नसताना, सकाळी, सपाट आणि निर्मनुष्य रस्त्यावर एक रेघ आखा. स्वाराने रेघेपर्यंत मध्यम वेगाने यावे आणि तेथून पेडल थांबवावे. सायकल थांबेपर्यंतचे अंतर (अं) आणि वेळ (वे) मोजा. मंदन = २ × अं ÷ वे². मंदनाला ९.८ ने भागले की गुणांक मिळतो. समजा, सायकल २० मीटर जाऊन १४ सेकंदांत थांबली. मंदन ४० ÷ १९६ = ०.२ आणि गुणांक ०.०२. उताराचा परिणाम जावा म्हणून उलट दिशेनेही प्रयोग करून सरासरी घ्यावी. डांबरावर हवेच्या विरोधाचा वाटा मोठा असल्याने उत्तर थोडे जास्त येईल. ते का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. नंतर स्वार तोच ठेवून पंपाचे दहा-दहा दट्टे कमी करत प्रयोग करावा व योग्य दाब शोधावा.

थोडी सावधगिरी

मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट खडक. त्यातून पाण्याचा निचरा होतो. त्याच खडकापासून झालेली काळी माती मात्र पाणी शोषून फुगते, चाकाला चिकटते आणि मडगार्डमध्ये भरून चाक अडवते. म्हणून मुरूम नसलेला रस्ता पावसाळ्यात टाळावा. सुट्या खड्यांवर वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. कालव्याला कठडा नसतो. तेव्हा एकट्याने, अंधारात किंवा पाण्याच्या कडेने जाऊ नये. प्रयोगही कालव्यापासून दूर घ्यावा.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलींवरून येणाऱ्या मुलींनी आपल्या शाळेचे सगळे रस्ते मोजून, प्रत्येक रस्त्याचा गुणांक, वेळ आणि तासाला भेटणारी वाहने यांचा एक तक्ता करावा. कोणत्या रस्त्यावर आधी मुरूम टाकावा हे ग्रामसभेत सांगताना तो तक्ता उपयोगी पडेल.