ओलधारक उंच वाफा

जमिनीच्या पातळीपेक्षा उंच बांधलेला व पाणी दीर्घकाळ धरून ठेवील अशा पदार्थांनी भरलेला भाजीपाल्याचा वा फुलझाडांचा वाफा. रोपवाटिकेतील गादीवाफा मुख्यतः जादा पाण्याच्या निचऱ्यासाठी उंच करतात. येथे हेतू नेमका उलट असतो.

उंचीमुळे पाणी लवकर निथळते व बाजूंनीही सुकते. म्हणून अवर्षणप्रवण प्रदेशात खोल माती असेल, तर सखल वाफाच श्रेयस्कर. परंतु छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील उस्मानपुऱ्यासारख्या दाट वस्तीत अंगण बहुधा फरशीचे वा मुरमाचे असते आणि शहराला जायकवाडीचे नळाचे पाणी वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या खंडाने मिळत आले आहे. १ चौ. मी. वाफ्यातून १ मिमी. पाणी उडाले, तर १ लिटर पाणी गेले. दोन पाळ्यांमधील ही तूट वाफ्यातील साठ्यानेच भागवावी लागते.

वाफ्याची रुंदी ९० ते १२० सेंमी. व उंची सु. ४५ सेंमी. ठेवतात. भिंतींसाठी जुन्या विटा, शहाबादी फरशीचे तुकडे किंवा पत्रे चालतात. पत्रा उन्हाने तापतो. त्यास आतून गोणपाटाचे अस्तर द्यावे. तळाशी कुजके ओंडके, नारळाच्या शेंड्या, उसाचे चिपाड, तुराट्या किंवा पऱ्हाट्या दिवसभर भिजवून दाबून भरतात. वर पालापाचोळा, शेणखत व माती यांचे मिश्रण आणि पाचटाचे आच्छादन असते. काष्ठमय पदार्थ कुजताना सूक्ष्मजंतू नायट्रोजन वापरतात, त्यामुळे पाने पिवळी पडतात. शेणखत वा पेंड घातल्यास ही उणीव भरून निघते. भरण खचत असल्याने दरवर्षी भर घालावी लागते. तळाशी खडी घालण्याची रूढ सूचना मात्र निरुपयोगी आहे : माती पूर्ण संपृक्त झाल्याखेरीज पाणी खडीत उतरत नाही, उलट मुळांची जागा कमी होते.

मधोमध पुरलेला माठ पाणी हळूहळू झिरपवितो. पाणी गार होत नाही म्हणून टाकलेल्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. काठ फुटल्यामुळे टाकलेला माठ त्याहून उपयुक्त.

महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यापासून माती घडवून गच्चीवर पिके घेण्याचा प्रसार केला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवरील बागेत स्वयंपाकघरातील कचराच माती करण्यासाठी वापरला गेला.

ॲस्बेस्टसचे पत्रे, रसायनांची पिंपे, जुना रंग दिलेले लाकूड व डांबरी तेल मुरविलेले रेल्वेचे स्लीपर खाद्य पिकांच्या वाफ्यास कटाक्षाने वर्ज्य करावेत.