इंचाचा हजारावा भाग, हातातल्या स्क्रूवर

जुन्या बाजारात गंजक्या पान्यांच्या ढिगात कधीतरी घोड्याच्या नालेसारखी एक वस्तू हाताला लागते. विकणारा तिला क्लॅम्प समजतो आणि क्लॅम्पच्याच भावात देतो. बिनधास्त घ्या, तो मायक्रोमीटर आहे.

सगळी करामत त्याच्या पोटातल्या स्क्रूची. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचाला ४० आटे असतात. वरची नळी, म्हणजे थिंबल, पुरती एकदा फिरवली तरी आतला दांडा सरकतो इंचाचा फक्त चाळिसावा भाग. थिंबलच्या कडेवर २५ रेघा असतात. त्यातली एकच रेघ फिरली तर? इंचाचा हजारावा भाग! नजरेला न दिसणारं अंतर आट्यांनी ताणून कडेवर पसरवलं, की ते साध्या डोळ्यांनी वाचता येतं. वीज नाही, बॅटरी नाही. झाँ लोराँ पाल्मेर या फ्रेंच माणसानं १८४८ मध्ये याचं पेटंट घेतलं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ब्राउन आणि शार्प या अमेरिकी कारखानदारांनी ते हत्यार पाहिलं आणि पुढे स्वतःच बनवायला घेतलं.

ओळख पटवायला आधी रेघा मोजा. थिंबलवर २५ असतील तर बहुधा इंची, ५० असतील तर मेट्रिक: अर्ध्या मिलिमीटरचा आटा, एक रेघ म्हणजे ०.०१ मिमी. मग नालेवरची अक्षरं वाचा. शेफील्ड असेल तर इंग्लंड; प्रॉव्हिडन्स किंवा ॲथॉल असेल तर अमेरिका. काही इंची नगांच्या नालेवर अपूर्णांकांचा तक्ताही कोरलेला असतो: १/८ समोर .१२५. हे १/८ म्हणजे आपल्या सुतार-फिटरांचं एक सूत! आपल्याकडे मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे जुन्या वर्कशॉपांतून निघालेला माल इंची असला तर नवल नाही.

साफ करताना पॉलिश पेपरला हात लावू नका. चकाकी येईल, पण रेघा आणि कारखान्याचं नाव दोन्ही जातील, आणि मापणारी तोंडं घासली गेली तर हत्यारच संपलं. रॉकेलमध्ये भिजवा, दांडा उलगडून बाहेर काढा, आट्यांतला चिकटा मऊ ब्रशनं काढा, कोरडं पुसून पातळ तेलाचा हात फिरवा. दोन तोंडांमध्ये स्वच्छ कागद हलकेच दाबून ओढून घ्या, उरलेली घाण त्यावर येते. शून्य जुळत नसेल तर बहुतेक नगांत छोट्या पान्यानं ते जुळवता येतं.

मात्र शून्य जुळलं म्हणून खूश होऊ नका. स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. ज्या मापावर तो जास्त फिरला, तिथे जास्त झिजतो. म्हणून ओळखीच्या टूलरूममध्ये स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे ठोकळे, लावून तीन-चार ठिकाणी तपासून घ्या. आणि डबीत ठेवताना दोन्ही तोंडं टेकवून आवळू नका; मध्ये बारीक फट राहू द्या.